येळ्ळूरच्या महाविद्यालयीन तरुणाईचा उन्हाळा

बेळगाव शहराच्या दक्षिणेला, दहा किलोमीटरच्या आत, राजहंसगडाच्या सान्निध्यात वसलेले येळ्ळूर सीमाभागाबाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊक असते ते मुख्यतः सीमाप्रश्नाच्या चळवळीमुळे, तेथील ग्रामीण मराठी साहित्य संमेलनामुळे किंवा चांगळेश्वरीच्या यात्रेतील कुस्तीच्या मैदानामुळे. या गावातून रोज सकाळी शहरातील महाविद्यालयांकडे निघणाऱ्या मुलामुलींचे दैनंदिन जीवन मात्र क्वचितच कोणाच्या लेखनाचा विषय झाले आहे, आणि त्यातही त्यांचा उन्हाळा तर दुर्लक्षितच राहिला आहे. वास्तविक या दोन-अडीच महिन्यांत घरचे शेत, शहरातील कारखाना, गावचा उत्सव आणि पुढील शिक्षणाची चिंता अशा चार गोष्टी एकाच वेळी या मुलांकडे हक्क सांगत असतात, आणि त्यांतून वाट काढताना त्यांच्या हाताशी असलेले सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे त्यांची मैत्री. सुटीत कोणाला कोणते काम मिळाले याचा माग काढत गेल्यास तो बहुतेक वेळा रोजगार कार्यालयापाशी किंवा वर्तमानपत्रातील जाहिरातीपाशी न पोहोचता एखाद्या मित्रापाशी, त्याच्या थोरल्या भावापाशी किंवा बसमधील मैत्रिणीपाशी जाऊन थांबतो. ही व्यवस्था किती उपयोगाची आहे आणि कोठे अपुरी पडते, हे समजून घेण्यासाठी आधी या मुलांचे शिक्षण कसे चालते ते पाहणे आवश्यक आहे.

कर्नाटकातील शिक्षणरचनेत दहावीनंतरच्या दोन वर्षांना पीयूसी, म्हणजे पदवीपूर्व अभ्यासक्रम, असे म्हणतात. महाराष्ट्रातील अकरावी-बारावीशी ही दोन वर्षे समांतर आहेत. येळ्ळूरमधील पुष्कळ मुलांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून होते आणि पीयूसीसाठी शहरात पाऊल टाकताच विज्ञान व वाणिज्य या शाखांमध्ये अध्यापनाची भाषा इंग्रजी होते. टिळकवाडीतील राणी पार्वतीदेवी महाविद्यालय, त्याच परिसरातील गोगटे वाणिज्य महाविद्यालय, दक्षिण महाराष्ट्र शिक्षण मंडळाची ज्योती आणि भाऊराव काकतकर महाविद्यालये, मराठा मंडळाची महाविद्यालये, तसेच १९३३ साली सुरू झालेले लिंगराज महाविद्यालय ही या मुलांची नेहमीची ठिकाणे होत. यांपैकी राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात, ज्याला सगळे 'आरपीडी' या नावानेच ओळखतात, पु. ल. देशपांडे यांनी काही काळ अध्यापन केले होते. पदवीचे विद्यापीठ मात्र पिढीगणिक बदलत गेले. पणजोबांच्या पिढीतील पदवीधरांवर मुंबई विद्यापीठाची मोहोर होती, आजोबा-वडिलांच्या पिढ्यांचे पदवीपत्र धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे होते, आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावातच आल्यामुळे आजच्या मुलांना पदवीच्या कागदपत्रांसाठी धारवाड गाठावे लागत नाही. एकाच घरातील पिढ्यांची पदवीपत्रे तीन विद्यापीठांची असावीत यात या भागाचा राजकीय इतिहासही आपोआप नोंदला गेला आहे.

या मुलांच्या मैत्रीचा नकाशा समजण्यासाठी सकाळची बस हे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. येळ्ळूरहून वडगाव आणि शहापूर या जुन्या वस्त्यांतून शहरात शिरणाऱ्या रस्त्यावर वाटेत भाताची शिवारे लागतात आणि प्रत्येक थांब्यावर गर्दी वाढत जाते. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारने 'शक्ती' योजनेखाली महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवासाची मुभा दिली, त्यामुळे मुलींच्या शिक्षणावरचा एक नेहमीचा खर्च संपला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, महाविद्यालय सुटल्यावर वाचनालयात, शिकवणीला किंवा अर्धवेळ कामाला जाण्यासाठी घरातून वेगळे पैसे मागण्याची गरज उरली नाही. शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे, म्हणजे या भागातील कोणत्याही महाविद्यालयापेक्षा कितीतरी जुने. अशा ठिकाणी दुपारचे दोन तास बसून परीक्षेची तयारी करणे मुलींना आता अधिक सहज शक्य होते. मुले मात्र सवलतीच्या पासवर प्रवास करतात किंवा दोघा-तिघांत मिळून एक दुचाकी वापरतात, पेट्रोलचा खर्च वाटून घेतात आणि ज्याचा पहिला तास लवकर असेल त्याच्या सोयीने निघतात. बाहेरून ही साधी काटकसर दिसते, तरी कोण कोणाच्या गाडीवर बसतो यावरूनच पुढे कोण कोणाबरोबर कामाला जाणार हेही पुष्कळदा ठरते.

या मुलांची मैत्री साधारणपणे तीन वर्तुळांत चालते. पहिले वर्तुळ गल्लीचे आणि गावातील युवक मंडळाचे. यात बालपणापासूनचे सवंगडी असतात, एकमेकांच्या घरची स्थिती, शेताचा तुकडा, कर्जाचा हप्ता हे सगळे त्यांना ठाऊक असते, आणि त्यामुळे कोणाला पैशांची किती निकड आहे हे सांगण्याची वेळच येत नाही. दुसरे वर्तुळ बसचे. यात वडगाव, धामणे, सुळगे अशा आसपासच्या गावांतील व वस्त्यांतील मुलेमुली येतात. तिसरे वर्तुळ वर्गातल्या बाकाचे, आणि तेथे प्रथमच कन्नड, उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलांशी रोजचा संबंध येतो. बेळगावच्या महाविद्यालयांच्या आवारात एका टोळक्यात मराठीत सुरू झालेले वाक्य कन्नडमध्ये पुरे होते आणि त्यातील शास्त्रीय शब्द इंग्रजी असतात, हे दृश्य इतके नित्याचे आहे की त्यात भाग घेणाऱ्या मुलांना त्याचे काही विशेष वाटत नाही. भाषेच्या प्रश्नावरून सभा-मोर्चात ताठ उभी राहणारी हीच मुले परीक्षेच्या आदल्या दिवशी कन्नड विषयाची टिपणे बाकावरच्या मित्राकडून घेतात आणि त्याला हिशेबाच्या पुस्तकातील गणिते सोडवून देतात. या दोन गोष्टींत विसंगती शोधण्यापेक्षा, हक्काची मागणी आणि शेजारधर्म एकाच मनात सुखाने नांदू शकतात हे त्यातून ओळखणे अधिक योग्य ठरेल.

उन्हाळ्याचे वेळापत्रक सर्वांना सारखे नसते. पीयूसीच्या परीक्षा मार्चच्या सुमारास संपतात आणि नवे वर्ष जूनच्या आसपास सुरू होते, त्यामुळे या मुलांच्या हाती सलग सुटी येते. तथापि विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कर्नाटकची सामाईक प्रवेश परीक्षा आणि पुष्कळदा महाराष्ट्राचीही प्रवेश परीक्षा द्यायची असल्याने त्यांचा एप्रिल अभ्यासातच जातो. पदवीच्या वर्गांत वर्षाचे दोन भाग पाडणारी सहामाही पद्धत असून तिचे वेळापत्रक गेल्या काही वर्षांत पुष्कळदा पुढेमागे झालेले आहे, त्यामुळे सुटी कधी लागणार हे मुलांना आधी नक्की सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला सुटीची तारीख माहीत नाही त्याला कोणी मालक दोन महिन्यांचे काम आगाऊ कबूल करत नाही. म्हणून उन्हाळ्यातील कामांची ठरवाठरव ऐनवेळी आणि तोंडी होते, आणि ऐनवेळची तोंडी ठरवाठरव ओळखीशिवाय जमत नाही.

सर्वांत आधीचा हक्क शेताचा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ या पट्ट्यातील जमीन भातासाठी प्रसिद्ध आहे. येथील सुवासिक बासमती भाताने बेळगावचे नाव दूरवर नेले. मात्र उतारा कमी, उंच पीक वाऱ्यापावसात आडवे होण्याचा धोका आणि शहराच्या विस्ताराखाली जाणारी जमीन यांमुळे त्याचे क्षेत्र घटत जाऊन इंद्रायणीसारख्या वाणांनी त्याची जागा घेतली. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा अशी कडधान्ये येतात आणि त्यांची काढणी-मळणी परीक्षांच्या आगेमागेच उरकली जाते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात हिरवे काही नसले तरी काम संपलेले नसते: नांगरट, ढेकळे फोडणे, बांध नीट करणे, शेणखत पसरणे आणि मेच्या अखेरीस धूळवाफ पेरणी. पावसाळा सुरू होण्याआधी कोरड्या, भुसभुशीत केलेल्या मातीत भाताचे बी पेरून ठेवण्याच्या पद्धतीला धूळवाफ पेरणी म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर बी उगवते, रोपे तयार करून चिखलात लावण्याचा खर्च वाचतो; परंतु एखादा वळीव मध्येच जोरात आला आणि नंतर पावसाने ओढ दिली, तर उगवलेले बी वाळून दुबार पेरणीची पाळी येते.

या पेरणीत महाविद्यालयीन मुलाचे स्थान नेमके कोणते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. बैलांच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे चालणाऱ्या कुरीवर, म्हणजे पेरणीच्या औजारावर, अनुभवी माणूस असतो, कारण बी एकसारखे पडणे हे हाताच्या सरावाचे काम आहे. मुलाच्या वाट्याला बी-खताची पोती बांधावर आणणे, कुरी वळते त्या कडांना राहिलेल्या मोकळ्या जागा हाताने पेरणे, मागून माती सारखी करणे अशी कामे येतात. कोणत्या वाणाचे किती बी कोठे पेरले याची नोंद मोबाइलवर ठेवणे, हवामानाचा अंदाज पाहून पेरणी दोन दिवस पुढे ढकलावी की नाही याबद्दल वडिलांशी बोलणे, शेतकरी केंद्रात बियाण्याच्या अनुदानासाठी कागदपत्रे नेणे ही नवी कामेही त्याच्याकडेच आली आहेत. घरची माणसे पुरी पडत नसतील तेथे 'पैरा' चालतो. पैरा म्हणजे मजुरी न देता श्रमाची फेड श्रमाने करण्याची रीत: आज चार मित्र एकाच्या शेतावर राबतात आणि पुढच्या आठवड्यात तो त्यांच्या शेतावर जातो. गावच्या मैत्रीला व्यवहाराची शिस्त येथेच लागते. कोणाचा पैरा फिटला आणि कोणाचा राहिला हे कोठेही लिहून न ठेवता सर्वांना पाठ असते, आणि ज्याने पैरा बुडवला त्याला पुढे कारखान्यातील कामाची खबरही कोणी देत नाही.

घरच्या शेतावर राबण्याचे पैसे मुलाच्या हातात पडत नाहीत. म्हणून फी, पुस्तके, मोबाइल आणि शिकवणीसाठी रोख कमाईचे काम शोधावे लागते, आणि त्यासाठी पहिले नाव निघते ते उद्यमबागचे. खानापूर रस्त्यावरील ही औद्योगिक वसाहत ओतकाम, यंत्रभाग आणि हायड्रॉलिक सामग्रीसाठी देशभर ओळखली जाते. ओतकाम म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतून हवा तो आकार मिळवणे. सिलिका वाळूत बेंटोनाइट नावाची चिकण माती आणि थोडे पाणी मिसळून साचा तयार केला जातो, त्यात सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमानाचा रस ओतला जातो, आणि थंड झाल्यावर साचा फोडून निघालेल्या वस्तूच्या कडांवरचे जादा लोखंड घासून काढले जाते. या घासण्याला कामगार 'फेटलिंग' म्हणतात. तेथून ती वस्तू लेथ किंवा संगणकनियंत्रित यंत्रावर जाते आणि तिला अचूक माप येते. सुटीपुरत्या आलेल्या मुलाला यंत्रावर उभे करत नाहीत. माल मोजणे, तेल पुसून बांधणे, चलन लिहिणे, आणि थोडा विश्वास बसला की मापे तपासणे अशी कामे त्याला देतात.

मापे तपासण्याच्या कामात महाविद्यालयातील शिक्षण आणि कारखाना अगदी अनपेक्षितपणे एकमेकांना भेटतात. पीयूसीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलाने व्हर्नियर कॅलिपर हाताळलेला असतो. मुख्य पट्टीवरची रेघ आणि सरकत्या पट्टीवरची रेघ कोठे जुळते ते पाहून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप घ्यायचे आणि वहीत तक्ता भरायचा, एवढाच त्याचा त्या साधनाशी संबंध. कारखान्यात त्याच्या हाती येणारा कॅलिपर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप दाखवतो. कारखान्याच्या बोलीत ज्याला 'जॉब' म्हणतात तो यंत्रभाग आराखड्यात दिलेल्या मर्यादेपेक्षा किंचित मोठा निघाला तर घासून वापरता येतो, लहान निघाला तर भंगारात जातो, आणि भंगारात गेलेल्या प्रत्येक जॉबमागे कोणाच्या तरी पाळीचा हिशेब असतो. प्रयोगवहीतील चुकीला अर्धा गुण जात असे, येथील चुकीला एका माणसाची दिवसभराची मेहनत जाते. हे एकदा लक्षात आले की तो मुलगा पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत वेगळ्या नजरेने उभा राहतो, आणि म्हणूनच अशा कामाला केवळ हातखर्चाची सोय समजणे हा त्या कामावर अन्याय आहे.

या ठिकाणी एक इशारा स्पष्ट शब्दांत द्यायला हवा. बाल व किशोरवयीन कामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना 'किशोर' ठरवण्यात आले असून धोकादायक प्रक्रियांत त्यांना कामाला ठेवता येत नाही, आणि कारखानेविषयक कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत ओतशाळांचा समावेश आहे. पीयूसीच्या पहिल्या वर्षाचा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो. मित्राच्या ओळखीने, दोन महिन्यांपुरता म्हणून तो भट्टीजवळ किंवा फेटलिंगच्या धुळीत उभा राहिला, तर ते कायद्याविरुद्ध आहे आणि त्याच्या फुप्फुसांना व डोळ्यांना धोक्याचेही आहे. सिलिकाची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. ओळखीतून मिळालेल्या कामात नियुक्तीचा कागद नसतो, त्यामुळे अपघात झाल्यास भरपाईसाठी पुरावाही राहत नाही. पालकांनी वय आणि कामाचे स्वरूप या दोन गोष्टी आधी विचाराव्यात, मजुरी नंतर.

उद्यमबाग ही मुख्यतः मुलग्यांची वाट झाली. लग्नसराईत मंगल कार्यालयांत वाढप्याचे काम हा दुसरा मोठा आधार: एका मित्राला केटररचा फोन येतो, तो आणखी सात-आठ जणांना गोळा करतो, पांढरा सदरा आणि काळी पँट घालून सगळे संध्याकाळी पोहोचतात, आणि पंगत उठल्यावर त्याच रात्री जेवणासह रोख पैसे मिळतात. मुलींसाठी खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या बाजारपेठांतील कापडाची व साड्यांची दुकाने हंगामी काम देतात, कारण लग्नाची खरेदी करणाऱ्या बायकांना माल दाखवायला मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषा बोलणारी मुलगी दुकानदाराला हवी असते. दवाखान्यातील नोंदणीचे टेबल, लहान मुलांच्या शिकवण्या, घरबसल्या शिलाई आणि साड्यांना फॉल लावणे, लग्नघरी मेंदी काढणे ही कामेही आहेत. मुलीच्या बाबतीत मैत्रिणीची भूमिका अधिकच निर्णायक ठरते. दुकानाचा मालक कसा आहे, रात्री किती वाजता सुटका होते, परतीची बस मिळते का, याची खात्री मैत्रिणीने दिल्याशिवाय घरातून परवानगी मिळत नाही. त्यामुळे मुली बहुधा जोडीने कामाला लागतात आणि एकीने सोडले की दुसरीलाही सोडावे लागते.

याच उन्हाळ्यात, वैशाख शुद्ध द्वितीयेला, बेळगावची परंपरागत शिवजयंती येते आणि तिच्या पाठोपाठ चित्ररथांची मिरवणूक निघते, जी रात्रभर चालते. या मिरवणुकीला शतकाहून अधिक काळाची परंपरा असून ट्रॅक्टर-ट्रॉलीवर शिवचरित्रातील प्रसंग जिवंत पात्रांनिशी सादर केले जातात. शहरातील व परिसरातील मंडळांची तयारी आठवडे आधी सुरू होते. महाविद्यालयीन मुले संवाद लिहितात, आवाज मुद्रित करतात, तलवारी आणि जिरेटोप भाड्याने ठरवतात, वर्गणी गोळा करून तिचा हिशेब फळ्यावर लावतात, आणि दिवसभर कामावरून आलेला मुलगा रात्री तालमीत अफझलखानाच्या किंवा बाजीप्रभूच्या भूमिकेत उभा राहतो. मालकाला सुटी मागावी लागते, आणि पुष्कळ मालक ती देतात, कारण तेही कधीकाळी अशाच एखाद्या चित्ररथावर उभे राहिलेले असतात. वर्गणीचा चोख हिशेब, वीस जणांकडून वेळेवर काम करून घेण्याचे कसब, पोलीस परवानगीचा अर्ज, वीजजोडणीची तजवीज ही कौशल्ये व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात फी भरून शिकवली जातात. येथे ती श्रद्धेपोटी आपोआप अंगी येतात, आणि तरीही नोकरीच्या अर्जात या मुलांपैकी जवळजवळ कोणीच त्यांचा उल्लेख करत नाही, कारण ते 'काम' आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मैत्रीतून काम मिळण्याचा हा प्रकार केवळ येळ्ळूरचा किंवा भारताचा नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या निबंधात नोकऱ्या कशा मिळतात याचा विचार करून 'दुर्बल बंधांचे बळ' ही कल्पना मांडली. दुर्बल बंध म्हणजे जिवलग मैत्री नसलेली, अधूनमधून भेट होणारी ओळख. आपल्या जिवलगांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते, कारण सगळे एकाच वर्तुळात वावरतात. नवी माहिती येते ती दुसऱ्या वर्तुळातील ओळखीच्या माणसाकडून. हे तत्त्व येळ्ळूरच्या उन्हाळ्याला लावून पाहिले की गोष्टी स्वच्छ दिसू लागतात. गल्लीतला मित्र उद्या सकाळपासूनचे काम मिळवून देतो, अडचणीत पाठीशी उभा राहतो, परंतु त्याने सांगितलेले काम बहुधा तेच असते जे तो स्वतः किंवा त्याचा भाऊ करतो: तोच कारखाना, तोच केटरर, तेच दुकान. याउलट बाकावरचा कन्नड भाषक मित्र हुबळीतील एखाद्या कंपनीची, गोव्यातून आलेली मैत्रीण वेर्णे येथील औद्योगिक वसाहतीची, किंवा कॅम्प भागातला वर्गमित्र हिशेब तपासनिसाच्या कार्यालयातील जागेची खबर देऊ शकतो. अशी खबर मागण्याचा संकोच मुलांना वाटतो. जिवलगाकडे मागणे हक्काचे, ओळखीच्याकडे मागणे कमीपणाचे, असा समज खोलवर रुजलेला आहे. तीन भाषांत वावरण्याची सवय हे या मुलांचे भांडवल आहे, आणि ते वापरात येण्याचा मार्ग या दुर्बल बंधांतूनच जातो.

सीमेमुळे या ओळखींना एक वेगळे परिमाणही मिळते. निपाणीच्या मुलांचे उदाहरण बोलके आहे: निपाणी कर्नाटकात आहे, आणि तिला लागूनच असलेले अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आहे. घर एका राज्यात आणि वर्ग दुसऱ्या राज्यात अशी त्या मुलांची रोजची दिनचर्या असल्याने कोल्हापूरच्या संधी त्यांना सहज कळतात. येळ्ळूरच्या मुलाला त्या मुद्दाम शोधाव्या लागतात. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशप्रक्रियेत 'ई' प्रकारचा उमेदवार अशी एक स्वतंत्र तरतूद आहे. वादग्रस्त सीमाभागातील संस्थेतून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्याला तिच्याखाली महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांसाठी ही सोय महत्त्वाची आहे, परंतु रहिवास, मातृभाषा आणि शिक्षण यांचे दाखले वेळेत जमवावे लागतात, आणि ते जमवण्याचे दिवस नेमके मे-जूनमध्ये, म्हणजे काम आणि पेरणी यांच्या ऐन धांदलीत येतात. ज्याच्या गल्लीत आधी कोणी या मार्गाने गेलेला असेल त्यालाच कोणता कागद कोठे मिळतो हे माहीत असते. प्रवासाच्या सवलतीही हद्दीवर थांबतात: कर्नाटकची 'शक्ती' योजना आपल्या राज्यापुरती, आणि महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना दिलेली अर्ध्या तिकिटाची सवलत आपल्या राज्यापुरती.

सीमालढ्याचा भार तरुणांवर आणखी एका प्रकारे पडतो, आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरील 'महाराष्ट्र राज्य' असा उल्लेख असलेला फलक न्यायालयाच्या आदेशानंतर हटवण्यात आला, त्या वेळी गावात पोलिसांचा लाठीमार झाला आणि अनेक ग्रामस्थांवर गुन्हे नोंदवले गेले. त्या खटल्यांच्या तारखा पुढे वर्षानुवर्षे चालल्या. ज्या तरुणाच्या नावावर असा गुन्हा आहे त्याला सरकारी नोकरी, सैन्यभरती किंवा पारपत्र यांसाठीच्या पोलीस पडताळणीची धास्ती वाटते. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे या परिसरातील मुलांना सैन्याचे आकर्षण घरबसल्या लागते. पहाटे रस्त्यावर १६०० मीटर धावण्याचा सराव करणारी टोळकी उन्हाळ्यात वाढतात. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर चारांपैकी एकालाच कायम सेवेची संधी असल्याने आता ही मुले पदवीचा अभ्यास सोडावा की चालू ठेवावा याचा विचार अधिक काळजीपूर्वक करू लागली आहेत. आपल्या भाषेसाठी उभे राहिलेल्या गावाने आपल्या मुलांना या अडचणींसाठी कायद्याचे मार्गदर्शन संघटितपणे पुरवले, तर ते त्याच लढ्याचे काम ठरेल.

राहता राहिला प्रश्न महाविद्यालयांचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या नियमांनुसार इंटर्नशिप, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेतलेला अनुभव, पुरा करावाच लागतो आणि त्याचे गुणांकन होते. कला किंवा वाणिज्य शाखेची येळ्ळूरची मुलगी मात्र दोन उन्हाळे कापडाच्या दुकानात मालाची नोंद, वस्तू व सेवा कराची बिले आणि ग्राहकांच्या तक्रारी सांभाळते आणि तिच्या गुणपत्रिकेत त्याचा मागमूसही नसतो. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा येथे मदतीला येत नाही, कारण त्याखालील प्रशिक्षण साधारणपणे सहा महिन्यांपासून पुढचे असते आणि उन्हाळा तेवढा लांब नसतो. परंतु कामाचे स्वरूप, दिवस आणि मालकाचा अभिप्राय असे एका पानाचे प्रमाणपत्र तयार करणे, ते भरून आणण्यास सुटीपूर्वी मुलांना सांगणे, अठरा वर्षांखालील मुलांना कोणत्या कामावर जाता येत नाही याची यादी फलकावर लावणे आणि मागील वर्षी कोणी कोठे काम केले याची वही विभागात ठेवणे, या गोष्टींना विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. अशी वही एखाद्या वाणिज्य विभागात ठेवली गेली, तर वडगावची मुलगी आणि निपाणीचा मुलगा, कन्नड भाषक आणि मराठी भाषक, यांच्या ओळखी एकाच पानावर येतील, आणि ज्याच्या गल्लीत कोणी आधी शहराबाहेर गेलेला नाही त्यालाही मेच्या पहिल्या आठवड्यात विचारपूस कोठे करायची ते कळेल. प्राध्यापकांपैकी पुष्कळ जण याच गावांतून, याच बसमधून शिकून पुढे गेलेले आहेत. त्यांनी हे काम हाती घेण्यासाठी जूनची वाट न पाहता मार्चच्या परीक्षांआधीच सुरुवात केली पाहिजे, कारण परीक्षा संपली की मुले शिवारात, उद्यमबागेत आणि दुकानांत पांगतात आणि पुन्हा वर्गात भेटतात तेव्हा तो उन्हाळा हातचा गेलेला असतो.